मंगळसूत्र पाठीवर टाका

कल्याणात, पश्चिमेला, एका ट्रस्टचं जुनं रुग्णालय आहे. तिथल्या कॅज्युअल्टीत शेवंतामावशी एकोणीस वर्षं आया म्हणून काम करते. एवढ्या काळात डॉक्टर बदलले, सिस्टर बदलल्या, खालची लादीसुद्धा दोनदा बदलली, मावशी तिथंच. मूळची मंडणगडकडची, लग्न होऊन कल्याणजवळच्या दिव्याला आली. नवरा लवकर गेला, मुलगा सूरज एकटीनं वाढवला, त्याचं लग्न लावलं, आणि ह्या सगळ्यात एक दिवसही ड्युटीला उशीर केला नाही, असं ती स्वतः सांगते. खोटं आहे. दोनदा केलाय. पण तिच्या तोंडावर तसं म्हणायची कोणाची टाप नाही.

मावशीची जीभ फटकळ. एका पेशंटमागे सात माणसं आत घुसली की ती सरळ विचारायची, की वऱ्हाड घेऊन आलात काय, पंगत मांडू? पण ओकारी झालेल्या म्हातारीचं तोंड स्वतःच्या पदरानं पुसणारीही तीच. किळस म्हणून नाहीच तिच्या हाताला. त्यामुळे तिचं बोलणं सगळे ऐकून घेत, आणि तिचा नियमही पाळत.

नियम असा, की छातीत दुखतंय म्हणून बाई आली, तर ईसीजीच्या आधी अंगावरचा सगळा दागिना उतरवायचा. मंगळसूत्र, बांगड्या, पाटल्या, पैंजण, सगळं. मावशी ते एकेक करून काढणार, रुमालात गाठ मारून बांधणार, आणि बाईच्या घरच्या माणसाच्या हातात, दारावरच्या वॉचमनसमोर, देणार. घरच्या माणसानं मोठ्यानं म्हणायचं, "मिळालं." मग मशीन. तोवर ईसीजी काढणारा नयन वायरी हातात घेऊन पडद्याबाहेर उभा. भिंतीवर तशी पाटीसुद्धा रंगवलेली होती: दागिने नातेवाइकांच्या ताब्यात दिल्याशिवाय तपासणी होणार नाही.

हा नियम कुठून आला ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही उगाच तिला नावं ठेवाल.

अकरा वर्षांपूर्वी एक बाई बेशुद्ध आलेली. मावशीनं तिचं मंगळसूत्र काढून उशीपाशी ठेवलेलं. दोन तासांनी घरच्यांनी विचारलं, मंगळसूत्र कुठंय? आणि उशीपाशी ते नव्हतं. झालं. डॉक्टरांची बॅग कोणी उघडली नाही, सिस्टरची उघडली नाही. मावशीची पिशवी मात्र गेटवरच्या टेबलावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत पालथी केली. वॉचमन संदेश तेव्हा नवा होता. ऑफिसातल्या साहेबांनी हुकूम सोडला आणि त्यानं हात चालवला. पिशवीतून निघालं काय, तर डबा, फणी आणि भावानं गावाहून पाठवलेली सुकटीची पुडी. पुडी फुटली, वास सुटला. कोणी नाकाला रुमाल लावला, कोणी फिदीफिदी हसलं.

संध्याकाळी त्या बाईच्या घरून फोन आला, की मंगळसूत्र जावेच्या पर्समध्ये सापडलं, तिनंच उचलून ठेवलेलं. साहेब म्हणाले, चला, मिटलं. कोणाचं मिटलं? गेटवर जे लोक हसून गेले त्यांना सांगायला कोण गेलं होतं? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. मावशीला आठ दिवस अन्न गोड लागलं नाही. नवव्या दिवशी ती ऑफिसात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, की यापुढं दागिने असे द्यायचे, नाहीतर मी बाईमाणसाच्या अंगाला हात लावणार नाही. साहेबांनाही आतून लाज वाटत असणार, कारण पाटी दोन दिवसांत रंगली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मावशी अकरा वर्षं ताक फुंकत राहिली आणि कोणाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

मग आल्या डॉक्टर ऋजुता, कॅज्युअल्टीच्या नव्या इन्चार्ज. वय पस्तीसच्या आसपास, राहायला ठाण्याच्या घोडबंदर रोडला. तिथून रोज गाडी काढून कल्याण गाठणाऱ्या बाईला मिनिटाचं मोल काय असतं ते कोणी शिकवायला नको. पहिल्याच दिवशी त्यांनी कॅज्युअल्टीतली घड्याळं जुळवली. भिंतीवरचं चार मिनिटं पुढे होतं, ईसीजीच्या मशीनमधलं सात मिनिटं मागे, आणि केसपेपरच्या खिडकीतलं कधीचं बंद पडलेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक पांढरा बोर्ड लावला आणि सगळ्यांना समोर उभं केलं.

त्यांचं सांगणं सोपं होतं. छातीत दुखणारा माणूस दारातून आत आला, की दहा मिनिटांत त्याचा ईसीजी निघाला पाहिजे. चांगल्या कॅज्युअल्टीचं हे माप आहे. अटॅक असेल तर त्या कागदावर दिसतो, दिसला की गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं, आणि जितका उशीर होईल तितकं हृदय मरत जातं. आपण दहात बसतो का, ते बघायचं. संदेशनं दारातच चिकटपट्टीवर वेळ लिहून ती स्ट्रेचरला लावायची. ईसीजीच्या कागदावर वेळ आपोआप छापली जाते. दोन्हींतलं अंतर बोर्डावर चढवायचं.

महिन्याचा हिशेब निघाला पंधरा मिनिटं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. ट्रस्टच्या रुग्णालयाच्या मानानं बरंच आहे की, असं कोणी म्हणालंसुद्धा. ऋजुता मॅडम मात्र बोर्डासमोरून हलल्या नाहीत. त्यांनी मधोमध एक उभी रेघ मारली. एका बाजूला लिहिलं, पुरुष: आठ. दुसऱ्या बाजूला लिहिलं, स्त्रिया: सव्वीस.

नयन म्हणाला, की मशीन काय बाई-पुरुष बघून चालत नाही. दिशा सिस्टर म्हणाली, बायका अंगावर काढतात हो, पित्त झालंय म्हणून सोडा पीत बसतात नि मग येतात. मॅडमनी ते कबूल केलं, पण ते सगळं दाराच्या बाहेरचं झालं, असं त्यांचं म्हणणं. घड्याळ दारापासून सुरू होतं. दारानंतरचे सव्वीस आपले.

मावशी मागं उभी राहून चादरीची घडी घालत होती. तिला हिशेब कोणी समजावून द्यायची गरज नव्हती. तिनं तीच चादर उलगडून पुन्हा घडी घातली.

त्यानंतर आठवडाभर मॅडम मोबाइलवर वेळ लावून पडद्यापाशी उभ्या राहिल्या. आठवड्याअखेर त्यांनी सांगितलं, की सव्वीसातली अठरा-एकोणीस मिनिटं दागिन्यांत जातात. बाई मंगळसूत्र काढायला तयार नसते, सासू हुज्जत घालते, बांगडी निघता निघत नाही, आणि निघाली तर नवरा केसपेपरच्या रांगेत असतो. तेव्हा हा नियम काढून टाकूया, मावशी. हे त्या अगदी सौम्यपणे म्हणाल्या.

मावशीनं हातातली बादली खाली ठेवली. "काढा की. पण एक गोष्ट आजच ठरवून ठेवा, मॅडम. उद्या काही हरवलं, तर पिशवी कोणाची उघडायची?"

दारातला संदेश जमिनीकडं बघायला लागला. मॅडम नव्या, त्यांना मागचं काही ठाऊक नव्हतं; पण कसला तरी जुना घाव आहे एवढं त्यांना कळलं असावं. त्या रागावल्या नाहीत. मला विचार करू द्या, म्हणाल्या, आणि नियम तसाच राहिला.

तो तसाच राहिला म्हणून चौथ्या दिवशी काय झालं, ते ऐका.

सकाळी नऊच्या सुमारास सुमेधाताई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, जबडा दुखतोय आणि दरदरून घाम सुटलाय. चारच दिवसांपूर्वी लेकीचं लग्न झालेलं, दोन्ही हातांत कोपराच्या निम्म्यापर्यंत हिरवा चुडा. नवरा गाडी लावायला गेलेला. मावशीनं साबणाचं पाणी घेतलं आणि एकेक बांगडी सोडवायला बसली. लग्नाचा चुडा, एक जरी वाढली, म्हणजे फुटली असती तर त्या माउलीच्या जिवाला केवढा घोर लागला असता. मावशीनं जीव ओतून ते काम केलं. एकही बांगडी वाढली नाही. मग गाडी लावून नवरा आला, रुमाल घेतला, "मिळालं" म्हणाला. ईसीजीच्या कागदावर छापलं गेलं: दारापासून एकतीस मिनिटं. मोठा अटॅक होता.

इंजेक्शन दिलं आणि सुमेधाताई वाचल्या. पण दुसऱ्या दिवशी मावशी अतिदक्षता विभागात चादरी पोचवायला गेली, तेव्हा दाराशी ऋजुता मॅडम ड्युटीवरच्या डॉक्टर अद्वयशी बोलत होत्या, की हृदयाचा पुढचा भाग दुबळा झालाय, आता ह्यांना जिना चढतानाही धाप लागणार, वीस मिनिटं आधी कळलं असतं तर कदाचित एवढं झालं नसतं. त्या मावशीला उद्देशून बोलत नव्हत्या. त्यांनी तिला पाहिलंही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सुमेधाताईंनी मावशीला मुद्दाम बोलावून घेतलं. उशीला टेकून बसल्या होत्या, ओठ पांढरे. मावशीचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुमचे फार उपकार झाले हो. इतक्या घाईत एकही बांगडी वाढू दिली नाहीत."

मावशीनं त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि जिन्यात जाऊन बसली. कोणी शिव्या घातल्या असत्या तर तिनं दोन परत दिल्या असत्या. ह्या बाईनं आभार मानले. आपण हिचं हृदय बांगड्यांच्या बरोबर थोडं थोडं काढून घेतलं आणि ही आपले पाय धरायची तेवढी बाकी आहे, असं तिच्या मनात आलं, आणि ती पदर तोंडात कोंबून रडली. पिशवी पालथी झाली तेव्हासुद्धा ती रडली नव्हती.

दिव्याला पाणी पहाटे येतं आणि आलं तरी तासभरच. दुसऱ्या दिवशी सून शिवानी नळावर वाकून हंडा भरत होती आणि मावशी मागं ड्रमपाशी उभी होती. मंगळसूत्र हंड्यात लोंबायला लागलं, तसं शिवानीनं मान झटकली आणि एका हातानं ते पाठीवर टाकलं. बांगड्या कोपराकडं ढकलल्या, घट्ट बसवल्या, आणि हंडा उचलला. हे सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर. रांगेतल्या सगळ्याजणींकडं मावशीनं पाहिलं. हिचं पाठीवर, तिचं पाठीवर, एकीनं दातांत धरलेलं. तिनं स्वतः काय वेगळं केलं होतं? नवरा असेपर्यंत सगळी भांडी, सगळी धुणी मंगळसूत्र पाठीवर टाकूनच झाली होती. सोनं अंगावरून उतरवून काम करणारी बाई तिनं जन्मात पाहिली नव्हती.

तिच्या डोक्यात ट्यूब पेटली. शिवानीला तिनं हंड्यासकट घरात ओढलं, दार लावलं, चटईवर आडवं केलं. नयन छातीवर जिथं जिथं वायरींचे रबरी चेंडू लावतो त्या सहा जागा तिला तोंडपाठ; तिथं तिनं कपाळाच्या टिकल्या चिकटवल्या. हातापायांना कपड्यांचे चिमटे लावले. मंगळसूत्र पाठीवर, बांगड्या वर, पैंजण खाली. मधे काही म्हणजे काही येत नव्हतं. बाहेरून सूरज दार वाजवून विचारत होता, की आई, काय चाललंय, पाणी जाईल. मावशीनं आतूनच सांगितलं, की जाऊ दे पाणी.

कॅज्युअल्टीत पोचल्या पोचल्या तिनं नयनला धरलं आणि विचारलं, की मशीनला सोनं अंगावरून उतरवावंच लागतं का. नयन चाचरत म्हणाला, तसं काही नाही, चेंडूला नि चिमट्याला टेकलं नाही म्हणजे झालं. मग हे सांगितलं का नाहीस इतकी वर्षं, असं मावशीनं म्हटल्यावर तो म्हणाला, "मावशी, तुला कोण सांगणार?"

ह्यावर एरवी तिनं त्याला फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी खाल्लं नाही, ते बरोबरच होतं म्हणून.

ऋजुता मॅडमना ती युक्ती इतकी आवडली, की त्या स्वतःच स्ट्रेचरवर आडव्या झाल्या आणि नयनला घाम फोडला. त्या दिवसापासून बाई आत आली की मावशी पडदा ओढून एकच वाक्य म्हणायची: "ताई, मंगळसूत्र पाठीवर टाका, बांगड्या वर सरकवा." बाईचा स्वतःचा हात, स्वतःचं सोनं. मावशी बोटही लावत नसे. सासवांनी हुज्जत घालायचं कारणच उरलं नाही. उलट एक म्हातारी म्हणाली, की इथं रीतभात आहे हो. दागिन्यांची अठरा-एकोणीस मिनिटं अर्ध्या मिनिटावर आली.

राहता राहिली गोष्ट शुद्धीवर नसलेल्या बाईची. मावशीनं सरळ सांगितलं, तिला मी हात लावणार नाही, घरचं माणूस येईस्तोवर थांबणार. दिशा सिस्टरनं तोवर मॅडमना अकरा वर्षांपूर्वीचं सगळं सांगितलं होतं. मॅडमनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी रंगवलेल्या पाटीवर एक कागद चिकटवलेला दिसला, खाली त्यांची सही: ह्या विभागात काहीही हरवल्यास पहिली बॅग डॉ. ऋजुता यांची उघडावी.

लिहायला काय जातंय, असं मावशी म्हणाली. पण येता-जाता तिनं तो कागद तीनदा वाचला, हे नयननं पाहिलं.

आणि मग तो गुरुवार उजाडला. सकाळचे पावणेदहा. दोन बाइकी समोरासमोर धडकून चार पोरं एकदम आलेली, कॅज्युअल्टीत रक्ताचा सडा. डॉक्टर अद्वय आणि दिशा सिस्टर एकाला टाके घालण्यात गुंतलेले, बाहेर संदेश ॲम्ब्युलन्सला वाट करून देतोय. ऋजुता मॅडम घोडबंदरला ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या; म्हणजे पहिली बॅगसुद्धा तिथंच अडकलेली. त्या गडबडीत एक रिक्षावाला बाईला हातांवर उचलून घेऊन आला. शहाडला बाजारात भाजी घेता घेता कोसळली, म्हणाला, कोण आहे माहीत नाही. संदेशनं धावत येऊन चिकटपट्टी लावली आणि पुन्हा बाहेर पळाला.

पन्नाशीची आगरी बाई. अंग घामानं भिजून गार, डोळे अर्धे मिटलेले, हाक मारली तर नुसती कण्हत होती. हातांत जाड पाटल्या आणि गळ्यात, छातीच्या मधोमध, घसघशीत दोन पदरी मंगळसूत्र. मावशीनं सवयीनं म्हटलं, ताई, मंगळसूत्र पाठीवर टाका. बाईचा हात दोन बोटं वर उठला आणि पडला.

घरचं कोणी नाही. रिक्षावाला निघून गेलेला. नयन होता, पण नयन स्टाफचाच; बोट उठलं तर दोघांवर उठणार. तो वायरी घेऊन पडद्याबाहेर थांबला होता. मावशीला गेटवरचं टेबल दिसलं, फुटलेली पुडी दिसली. आणि त्याच्या मागोमाग सुमेधाताईंचे पांढरे ओठ दिसले, उपकार मानणारे.

ती बाईच्या कानाशी वाकली. "बाई, मी शेवंता. तुझं मंगळसूत्र पाठीवर टाकते गं. मी टाकते."

तिनं डाव्या हातानं बाईचं डोकं उचललं, उजव्या हातानं दोन्ही पदर मानेवरून मागं फिरवले आणि डोकं परत टेकवलं. पाटल्या वर सरकवल्या. घाम पुसला, छाती कोरडी केली, आणि बाहेर म्हणाली, नयन, ये.

कागद निघाला तेव्हा दारापासून चार मिनिटं झाली होती. नयननं कागदाकडं एकदा पाहिलं आणि डॉक्टर अद्वयना हाक मारली. टाके अर्धवट सोडून ते धावले. सोळाव्या मिनिटाला इंजेक्शन सुरू झालं. इतक्या लवकर त्या कॅज्युअल्टीत आजवर कोणाला मिळालं नव्हतं. अर्ध्या-पाऊण तासात बाईच्या चेहऱ्यावर रंग आला आणि तिनं पाणी मागितलं.

बाईच्या मोबाइलवरून दिशा सिस्टरनं घरी कळवलेलं. पोरगी धापा टाकत आली, श्रिया नाव, बावीस-तेवीसची. बरोबर काका, काकी, शेजारी. पोरगी आईला बिलगली, तिच्या तोंडावरून हात फिरवला, गळ्यावरून फिरवला, आणि तिचा हात थांबला.

"आईचं मंगळसूत्र कुठंय?"

तेच शब्द. अकरा वर्षांनी, त्याच जागी. दिशा सिस्टरच्या हातातली बाटली तशीच राहिली. दारात संदेश पांढराफटक. काकानं एकेकाकडं बघायला सुरुवात केली, आणि सगळ्यांकडं बघून झाल्यावर त्याचे डोळे जिथं येऊन थांबायचे तिथंच थांबले, हातात फडकं घेतलेल्या आयेवर.

मावशीनं फडकं खाली ठेवलं आणि पुढं आली. "पाठीवर आहे. मीच टाकलंय, ह्या हातानं. आईला जरा उचल आणि मानेमागं हात घाल, पोरी."

श्रियानं हात घातला. काळे मणी बोटांना लागले तशी ती रडायला लागली, मंगळसूत्रासाठी नव्हे, एवढा वेळ धरून ठेवलेलं सगळंच बाहेर आलं. तेवढ्यात ऋजुता मॅडम आत शिरल्या, घामाघूम, खांद्याला बॅग. काय झालं ते त्यांना दिशा सिस्टरनं दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी कागदावरची वेळ पाहिली, चार मिनिटं, आणि काका-काकी, शेजारी, टाके घातलेली पोरं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की तुमची बाई वाचली ती ह्या मावशींमुळं. शिवाय अकरा वर्षांपूर्वी ह्याच गेटवर ह्यांची पिशवी उघडली होती, आणि ती वस्तू त्याच संध्याकाळी पेशंटच्याच घरात सापडली होती. ते तेव्हा कोणी सांगितलं नाही, म्हणून मी आज सांगते.

मावशी म्हणाली, "पुरे झालं, मॅडम, कामं पडलीत." आणि मोरीत जाऊन नळ मोठा सोडून बराच वेळ फडकं धूत बसली. तिच्या छातीवरचा दगड उतरला होता आणि तिला मोठ्यानं हसावंसं वाटत होतं.

महिनाअखेर बोर्डावर आकडे चढले. पुरुष: आठ. स्त्रिया: सात. नयननं पुरुषांच्या वतीनं तक्रार केली, की हा अन्याय आहे. मावशी म्हणाली, मग पुरुषांनाही मंगळसूत्र घाला. जुनी पाटी संदेशनं स्वतःच्या हातानं खरवडली, कोणी न सांगता, आणि त्यावर पांढरा रंग मारला.

तीन आठवड्यांनी ती शहाडची बाई आली. मधुबाई तिचं नाव. स्वतःच्या पायांनी, गेटपासून चालत, मधे कुठंही न थांबता. श्रिया मागं. मधुबाईनं मावशीला गेटवरच गाठलं, ड्युटी संपवून ती निघालेली, खांद्याला तीच जुनी पिशवी. मधुबाईनं पदराखालून एक जाड पुडी काढली. गावाकडची सुकट होती, निवडून, वाळवून आणलेली. आढेवेढे घेशील तर याद राख, असं तिनं आधीच बजावलं. मग तिचा आवाज खाली आला.

"तुझा हात लागला म्हणून मी हाय, गो बाय."

आसपास पन्नासेक माणसं होती. केसपेपरची रांग, रिक्षावाले, पेशंटांचे नातेवाईक. संदेशनं पुढं होऊन टेबलावरची वही, पेन, चहाचा कप, सगळं बाजूला केलं. मावशीनं त्याच्याकडं पाहिलं, आणि पिशवी त्याच टेबलावर ठेवून, सगळ्यांच्या देखत, स्वतः उघडली. डबा बाजूला सारला, फणी बाजूला सारली आणि पुडी मधोमध ठेवली. तिच्याबरोबरच निघालेला नयन म्हणाला, की नीट बांधून घे मावशी, रस्ताभर वास सुटेल.

"सुटू दे," मावशी म्हणाली.